पुरणयंत्राची नवी मूठ

मित्रांनो, मी एक जुनं पुरणयंत्र आहे. दिल्लीत एवढं सांगायचीही पंचाईत! इथल्या लोकांना 'पुरण' ठाऊक नाही, त्यांना ते 'पुराना' ऐकू येतं. मग मी माझं नाव सांगतोय की वय, हेच त्यांना कळत नाही. पण याच घोटाळ्यानं माझं नशीब उघडलं. ते कसं, ऐका.

मी अंगानं पितळी, पाय तीन. पुण्यात प्रभाताईंच्या आईनं मला लेकीच्या लग्नात घेतलं आणि माझ्या पोटावर नाव घालून घेतलं, 'चि. सौ. कां. प्रभा हिस आईकडून'. जावई भालचंद्रराव दिल्लीत सरकारी नोकरीत, म्हणून मीही रेल्वेनं दिल्लीला आलो आणि मयूर विहारच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर स्थिरावलो. होळीला माझा काय रुबाब असायचा! वरून शिजलेली डाळ नि गूळ घालायचा, दांडा फिरवायचा, की खाली मऊसूत पुरण. सोसायटीतल्या चार मराठी घरांत मी उसना जायचो आणि घासूनपुसून परत यायचो.

दोन वर्षांपूर्वी माझी लाकडी मूठ तडकली आणि गळून पडली. उरला नुसता लोखंडी दांडा. त्या होळीला प्रभाताई मला दोन फेरे देऊन थांबल्या. "यंत्रच बिघडलंय," म्हणाल्या. पुरणपोळ्या विकतच्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. मी बिघडलो नव्हतो हो, पण माझं ऐकतंय कोण?

भालचंद्रराव आता नाहीत. घरात मायलेकी दोघीच. लेक हेमांगी गुरुग्रामच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर यंत्रांच्या भागांची चित्रं काढायची. एक दिवस तिनं नोकरी सोडली आणि मागच्या बाल्कनीत एक थ्रीडी प्रिंटर आणून बसवला. प्लास्टिकची तार वितळवून, थरावर थर देत तो वस्तू घडवतो. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. मी माळ्यावर धूळ खात पडलो आणि या पोराचे लाड सुरू झाले!

पण त्या पोराचंही काही खरं नव्हतं. तीन महिने हेमांगी कीचेन आणि छोटे गणपती काढत होती. लोक "वा, छान!" म्हणायचे आणि रिकाम्या हातानं जायचे. जुन्या साहेबांनी होळीपर्यंत तिची जागा राखून ठेवली होती.

"आई, होळीपर्यंत बघते यार," ती म्हणायची. "नाहीच जमलं, तर चलो गुरुग्राम. परत तीच मेट्रो."

होळी आठ दिवसांवर आली, तेव्हा प्रभाताईंनी मला भंगारासाठी खाली काढलं. हेमांगीनं अडवलं. मूठ मिळते का बघू म्हणून दोघी मला घेऊन करोल बागेत गेल्या.

"भैया, पुरणयंत्र की मूठ मिलेगी?" प्रभाताईंनी विचारलं.

दुकानदारानं मला उलटंसुलटं केलं. "माताजी, पुराना यंत्र है, वो तो दिख रहा है. नाम क्या है इसका?"

हेमांगीला हसू आवरेना. तो पुढे म्हणाला, "एक हैंडल के लिए साँचा कौन बनाएगा? हज़ार पीस का ऑर्डर हो तो बोलो."

हेमांगीचं हसू तिथेच थांबलं. घरच्या पोराला साचा लागतच नव्हता! त्याला एक काय नि हजार काय, सारखंच.

घरी येऊन तिनं माझा दांडा मोजला आणि गोल, गुळगुळीत, जांभळी मूठ काढली. दिसायला फार सुरेख. प्रभाताईंनी एक फेरा दिला, दुसरा दिला, तिसऱ्याला "आई गं!" म्हणून हात सोडला.

"सांगितलं ना, यंत्रच बिघडलंय."

हेमांगीनं त्यांचा हात ओढून घेतला. बोटांचे सांधे सुजून टपोरे झाले होते. "आई, यंत्र नाही गं. हात दुखतोय तुझा. कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलून काय होणार होतं? म्हातारपणाचे काय स्पेअर पार्ट मिळतात?"

 हेमांगीनं परातीतल्या कणकेचा एक गोळा उचलला आणि आईच्या हातात ठेवला. "हे धर. जसं दुखणार नाही, तसं धर."

त्या गोळ्यावर प्रभाताईंची पाचही बोटं उमटली. हेमांगीनं मोबाइलनं चहूबाजूंनी त्याचे फोटो घेतले, कॉम्प्युटरवर त्याचा आकार उतरवला आणि दुसऱ्या दिवशी नवी मूठ आली. वाकडीतिकडी, आल्याच्या गड्ड्यासारखी. दिसायला ध्यानच! पण प्रभाताईंनी हात ठेवला आणि बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. एक फेरा, दोन, दहा. पुरण पडू लागलं. प्रभाताई रडत होत्या आणि फिरवत होत्या. मला तेव्हा जितकं सुख झालं, तितकं उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

होळीला शेजारच्या हरप्रीत आंटी पोळी खायला आल्या आणि मूठच बघत बसल्या. "बेटा, मेरी सेवई वाली मशीन का हैंडल भी टूटा पड़ा है. मेरे हाथ का बना देगी?"

दुसऱ्या दिवशी हेमांगीनं ते काढून दिलं. आंटींनी चारचौघींना दाखवलं, मग कुणाच्या किसणीचा दांडा आला, कुणाच्या शिलाई मशीनच्या चाकाची मूठ. एकदा फोन वाजला, करोल बागेतला तोच दुकानदार होता; हेमांगी त्याला नवी मूठ दाखवून आपला नंबर देऊन आली होती. "वो पुराना यंत्र वाली मैडम बोल रही हैं? एक ग्राहक भेज रहा हूँ."

हेमांगीनं साहेबांना नम्रपणे नकार कळवला आणि दारावर पाटी लावली, 'पुराना यंत्र'. आता येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात प्रभाताई कणकेचा गोळा देतात आणि म्हणतात, "जैसे दुखेगा नहीं, वैसे पकड़ो."

मी त्या नव्या पोराचा फार ऋणी आहे. हेवा केव्हाच विरला. त्यानं मला मूठ दिली, हेमांगीला तिचा स्वतःचा धंदा दिला आणि प्रभाताईंना त्यांची होळी.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. जुनी वस्तू भंगारात टाकण्याआधी तिचं नेमकं काय मोडलंय ते पाहा. आणि घरात कुणी "यंत्रच बिघडलंय" म्हणालं, तर यंत्र नंतर बघा. आधी त्या माणसाचा हात हातात घ्या.