हाताखालचं बटण

"लांब पाय प्लसले, आखूड मायनसले," कौसल्या पुटपुटली आणि भोकाभोकांच्या पांढऱ्या पाटीत तिनं इवलासा एलईडी दिवा खोचला. बॅटरीची वायर टेकवताच तो लाल पेटला. पलंगावरून नवऱ्यानं, श्रावणनं, मान वळवून पाहिलं.

आधीचे दोन दिवे तिनं जाळले होते. मध्ये करंट आवरणारा रेझिस्टर लावायचा असतो, हे लेकीनं, मैत्रेयीनं, पुण्याहून फोनवर सांगितलं. इलेक्ट्रॉनिक्सचं हे किटही तिनंच पाठवलं होतं. "आई, बारावी सायन्स ना तू? करून तं पाह्य." बारावीच्या निकालाआधीच कौसल्याचं लग्न झालं होतं. आता तीन वर्षं नवरा अर्धांगवायूनं पडून. कळंबच्या बाजारात ती धावत जाई, धावत परत येई.

शेजारच्या दीपाला तिचं काम दिसलं. "वहिनी, रूपसिंगभाऊच्या दुकानात बाई पाह्यजे. जळलेले बल्ब दुरुस्त कराले. दोन ते पाच. बोलू का?"

"अन् ह्यायले कोन पाह्यल?"

"मी हावो ना बाजूले. फक्त हाक आयकू आली पाह्यजे."

श्रावणची हाक पलंगाबाहेर जात नव्हती. कौसल्यानं आठ दिवस खपून बझर जोडला. बटण त्याच्या चालत्या डाव्या हाताखाली, वायर भिंतीवरून थेट दीपाच्या स्वयंपाकघरात.

सोमवारी तिनं दुकानात चार बल्ब उघडले. दोन उजळले. रूपसिंग म्हणाला, "वा, वहिनी!" तिला हसू आवरेना. तेवढ्यात दीपाचा फोन आला. श्रावण सारखा बटण दाबत होता; पाणी नको, लघवीचं भांडं नको, नुसता दाराकडं बोट दाखवत होता.

मंगळवारी तेच. बुधवारी फोन आला तेव्हा रूपसिंग खाली बघत म्हणाला, "आधी घर सांभाळा, वहिनी. मंग या कधीबी."

ती भरउन्हात चालत घरी आली.

"काय पाह्यजे होतं?"

श्रावणचे ओठ बराच वेळ हलले. "बस," तो म्हणाला.

ती पलंगाच्या कडेला बसली. त्यानं पुन्हा बटण दाबलं. भिंतीपलीकडून दीपा ओरडली, "वहिनी, आल्या का?"

"आली," कौसल्या म्हणाली.

बोट बटणावरच होतं. पलीकडं बझर वाजत राहिला, खणखणीत, न अडखळता. एकही जोड ढिला नव्हता.