शंभरचा तुकडा

धाकट्याने मशीन बनवलं, आणि थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. साधंसुधं नाही, चांगलं पीळ पडल्यासारखं.

आता मशीन तरी कसलं! भंगारातल्या प्रिंटरचे दांडे, जुन्या मोटारी, लाकडाची चौकट आणि वर वायरींचा गुंता. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, बटण दाबायचं, की ते फिरतं पातं लाकडातून तोच आकार कापून काढणार. धाकटा नोकरीला ऑफिसात, प्रिंटर दुरुस्त करणारा. रंधा हातात धरायची अक्कल नाही. आणि वडील, स्वतः जन्मभर सुतारकी केलेले, सकाळपासून त्या मशीनपुढे स्टूल टाकून बसत. थोरल्याने त्यांच्याच हाताखाली शिकून वीस वर्षं दारं, कपाटं, टेबलं केली. प्रत्येक वेळी वडील बोटाने सांधा चाचपत आणि म्हणत, "ठीक आहे." शाबास म्हणून नाही कधी. या पोराचे दोन दांडे सरकले, तर म्हाताऱ्याच्या तोंडून "वा!" गेलं. थोरल्याला ते जेवतानाही आठवे आणि घास कडू होई.

पहिली चाचणी झाली. मशीनने प्लायमधून चौकोनी तुकडा कापला. बाजू शंभर मिलिमीटर यायला हवी.

"दादा, तू मोज," धाकटा म्हणाला. "माझा डिजिटल कॅलिपर दर वेळी वेगळंच सांगतो. तुझ्या डोळ्यावर माझा जास्त भरवसा."

थोरल्याने आपल्या जुन्या, रेघा वाचायच्या व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात तुकडा धरला. शंभर. फिरवून धरला. शंभर. रेघेला रेघ मिळालेली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. स्टुलावरून वडील मान पुढे काढून बघत होते.

"शंभर पॉइंट नऊ," तो म्हणाला. "बरंच जास्त कापतंय रे."

वडील "हं" म्हणून मागे टेकले. थोरल्याला गार वाटलं.

पण धाकटा चिवट. त्याने तो आकडा कॉम्प्युटरला भरवला, त्या प्रमाणात पात्याचं सरकणं कमी केलं आणि दुसरा तुकडा कापला. तो अर्थातच लहान आला, नव्व्याण्णव पॉइंट एक. आता खरं सांगावं तर पहिलं खोटं उघडं पडणार.

"शंभर. आता चोख आहे."

धाकट्याने त्याला मिठीच मारली. वर्कशॉपमधून वर घरात जाताना थोरल्याच्या सगळ्या पटाश्या घेऊन गेला, धार लावून आणतो म्हणाला. आता औजारंही पळवतोय, असं थोरला बायकोपाशी रात्रभर धुसफुसत राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी धाकट्याने वर्कशॉपच्या टेबलावर अक्रोडाच्या लाकडाची पेटी ठेवली. आत प्रत्येक पटाशीच्या आकाराचा खाचा कोरलेला. "तुझ्यासाठी. मशीनचं पहिलं काम तुझंच करायचं ठरवलं होतं, दादा."

मग त्याने पटाशी खाच्यात ठेवली. बसेना. टोक आत गेलं की मूठ वर येई. दुसरीही तशीच, तिसरीही. शंभराला जवळजवळ एक, त्या हिशेबाने पटाशीच्या लांबीला सगळे खाचे दोन-दोन मिलिमीटर आखूड. धाकट्याचा चेहरा एवढासा झाला.

"मी पटाश्यांचं माप कागदावर नीट उतरवून घेतलं होतं रे," तो पुटपुटला. "वाटोळं केलं मी चांगल्या लाकडाचं."

थोरल्याला तिथे नुसतं उभं राहवेना. त्याने मोठी पटाशी उचलली आणि एकेका खाच्याचं टोक तासायला घेतलं. धाकट्याने धार उत्तम लावली होती. पातळ साली निघत गेल्या. पटाश्या एकामागून एक आत बसल्या, ना सैल, ना घट्ट. कुठे मशीनचं संपलं आणि हाताचं सुरू झालं, ओळखू येईना.

वडील स्टुलावरून उठले. शेवटच्या खाच्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"शाबास," ते म्हणाले. "तुझ्या हातात कसब आहे, पोरा."

वीस वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो असा आला. थोरला खाली सालींकडे बघत राहिला.

"मशीनला मात्र काहीतरी झालंय," म्हणत धाकट्याने नवा तुकडा कापला होता. तो आणि व्हर्नियर त्याने पुढे केला. त्याच भरवशाने. "सांग दादा."

थोरल्याने मोजायलाच वेळ लावला. मग म्हणाला, "नव्व्याण्णव पॉइंट एक."

"म्हणजे मी कमी केलं बरोबर तेवढंच," धाकटा हिशेब करत म्हणाला आणि मध्येच थांबला. "मग पहिला तुकडा..."

"शंभरच होता. तुझं मशीन चोख आहे. मी खोटं सांगितलं. दोन्ही वेळा."

धाकट्याने कॉम्प्युटरवर जुना आकडा परत घातला. वडील थोरल्याकडे बघत उभे राहिले. ते आता शब्द मागे घेतील, निदान शिवी तरी हासडतील, म्हणून थोरला वाट बघत होता. त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि पेटी त्याच्या हातात दिली.

"घेऊन जा," ते म्हणाले. "काम चांगलं झालंय."