दुसरा फोन

आमदारांना त्यांच्या माघारी सगळे ‘होईलसाहेब’ म्हणत. दारात आलेला माणूस काहीही मागो, उत्तर ठरलेलं: होईल. आणि नुसतं म्हणून थांबत नसत. माणसाच्या देखत फोन उचलायचे, पलीकडच्या अधिकाऱ्याला झापायचे, ‘माझं घरचं माणूस आहे, आत्ताच्या आत्ता करा’ असं बजावायचे. समोरचा अर्धं काम झाल्याच्या आनंदात जिना उतरायचा. या फोनच्या जोरावर ते तीनदा निवडून आले होते. पहिल्यांदा वाजतगाजत, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी, तिसऱ्यांदा मात्र काठावर पास. चौथी निवडणूक तोंडावर आली होती आणि यंदा साहेब पडणार, अशी कुजबुज त्यांच्याच पक्षात चालू होती.

त्यांच्या बायकोला, म्हणजे साऱ्या मतदारसंघाच्या वहिनींना, एका गोष्टीचं फार कुतूहल होतं. एवढे कडक फोन जातात, मग तीच माणसं पुन्हा पुन्हा का येतात? कोपऱ्यावरची शिंपीणबाई तर गल्लीच्या वळणावर एक दिवा लागावा म्हणून कित्येक वर्षं खेटे घालत होती. तिची मुलगी कारखान्यातून अंधारात घरी यायची. वहिनींनी विचारलं की आमदार हसायचे आणि म्हणायचे, “सरकारी काम, सहा महिने थांब.”

हे वाक्य वहिनींनी स्वतःसाठीही एकदा ऐकलं होतं. लग्न झालं तेव्हा त्या दुसऱ्या गावी शाळेत भूगोल शिकवत होत्या. नवरा नुकताच आमदार झाला होता. त्यांच्या बदलीसाठी त्याने त्यांच्यासमोरच फोन केला होता, चांगला दणदणीत. बदली काही झाली नाही. शेवटी वहिनींनी राजीनामा दिला आणि नशिबाला बोल लावून गप्प बसल्या.

ऐन प्रचारात आमदारांच्या पीएंच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. आता फोनवर बसायचं कोणी?

“मी बसते,” वहिनी म्हणाल्या.

“तुला जमेल?”

“फोन उचलायला काय अक्कल लागते? तुम्ही इतकी वर्षं उचलताच आहात.”

वहिनी बसल्या आणि काही दिवसांतच काहीतरी विचित्र घडू लागलं. बाहेरच्या खोलीतली गर्दी ओसरली. ज्या बाकावर बसायला जागा मिळत नसे, त्यावर मांजर झोपू लागलं. मग एका सकाळी शिंपीणबाई हसत आली. वळणावर दिवा लागला होता.

“कोणी लावला?” आमदारांच्या तोंडून निघून गेलं.

“तुम्हीच की, साहेब.”

ती गेल्यावर आमदारांनी दार लोटून घेतलं. “हा विरोधकांचा डाव आहे. आपल्या माणसांची कामं परस्पर करून देतायत आणि त्यांना फोडतायत.”

वहिनींना काही ते पटेना. त्यांनी सरळ वीज कार्यालयातल्या इंजिनिअरला फोन लावला आणि दिवा कसा लागला म्हणून विचारलं.

इंजिनिअर घाबरला. “काही चुकलं का, वहिनी? पीएंचा फोन आलाच नाही.”

“कसला फोन?”

“साहेबांचा फोन झाला की तासाभरात पीएंचा येतो ना, ‘राहू द्या’ म्हणून. तो नाही आला तर काम करायचं, अशीच रीत आहे. हल्ली एकही येत नाही. सगळ्या ऑफिसांची धावपळ उडालीय.”

वहिनींनी फोन ठेवला आणि त्यांना हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या एकट्याच हसत होत्या. मग त्यांना भूगोलाचा वर्ग आठवला आणि हसू जागच्या जागी थांबलं.

त्या तडक पीएंच्या घरी गेल्या. पीए गळ्याला मफलर गुंडाळून खिडकीत बसले होते.

“माझ्या बदलीच्या वेळी दुसरा फोन तुम्हीच केला होता ना?”

बोलायला बंदी होती, पण मान हलवायला नव्हती. पीएंनी ती हलवली नाही. त्यांनी नुसते हात जोडले आणि खाली बघत राहिले.

संध्याकाळी आमदार रिकाम्या खोलीत बसले होते. “लोक फिरले,” ते म्हणाले. “कुत्रंसुद्धा फिरकेना.”

“फिरले नाहीत. त्यांची कामं झाली.” वहिनींनी इंजिनिअरचं बोलणं सांगितलं.

आमदारांचा चेहरा उतरला. “मला वाटलं, पीए घरून फोन करत असतील.”

“डॉक्टरांनी ज्याचं तोंड बंद केलंय, तो?” वहिनी समोर बसल्या. “पण का हो असं?”

आमदारांनी रिकाम्या बाकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “काम झालं की माणूस परत येत नाही. आणि दारात माणूस नसला तर मी कसला आमदार?”

“आणि माझी बदली?”

“तेव्हा नवीनच निवडून आलो होतो. दिवसभर घर भरलेलं असायचं. तू शाळेत गेली असतीस तर...”

“तर चहा कोणी केला असता,” वहिनी म्हणाल्या. त्यांना इतका राग आला होता की आवाज चढलासुद्धा नाही.

आमदार निवडून आले, आणि आजवर कधी आले नव्हते इतक्या मतांनी. पक्षातले लोक या चमत्काराचं कारण एकमेकांना विचारत राहिले. काही दिवसांनी पीए बरे होऊन कामावर आले, तर त्यांच्या खुर्चीत वहिनी. पीए मुकाट्याने बाकावर टेकले.

पहिलीच आली एक तरुण शिक्षिका. नवीन लग्न झालेली, नवऱ्याच्या गावी बदली हवी होती. आमदारांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि फोन उचलला. “माझं घरचं माणूस आहे,” ते म्हणाले, पण रोजच्यापेक्षा जरा हळू.

“होईल ना नक्की?” जाता जाता तिने वहिनींना विचारलं.

“होईल,” वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी पीएंचा फोन टेबलावरून उचलून मांडीवर घेतला आणि तासभर तिथून हलल्या नाहीत.