टायर बदलले की जाऊ

अंजनाबाईंनी नव्या टायरच्या खाचेत करंगळी घालून पाहिली. अख्खं नख आत गेलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

"हा घे," त्या म्हणाल्या. "याच्या खाचा खोल आहेत."

अश्विन मान हलवत होता. हो म्हणून नव्हे, नको म्हणून. त्याचं बोट भिंतीशी ठेवलेल्या दुसऱ्या, हलक्या टायरकडे होतं.

"मम्मी, वो हायवे वाला है. आपल्याले कुठं रोज हायवेवर जायचं आहे? घर आणि ऑफिस. सिटी में यही बढ़िया चलता है."

"रोज नाही. पण आता तं जायचं आहे ना?"

अश्विननं खांदे उडवले आणि मोबाइल काढला. उत्तर सुचलं नाही की हे पोरगं मोबाइलमध्ये डोकं घालतं, हे अंजनाबाईंना ते कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर परत येऊन बसल्या. बसताना दोन्ही गुडघे बोलले. गुडघ्यांचंच तर सगळं रडगाणं होतं, नाहीतर कोणाच्या गाडीची वाट बघत बसायची गरज काय होती?

अश्विनचे वडील दयाराम होते तोवर दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी चुकली नव्हती. रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला माणूस तसाच स्टेशन गाठायचा, जनरलच्या डब्यात कोपर घालून बायकोपुरती वीतभर जागा करायचा आणि स्वतः नागपूरपर्यंत उभ्यानं जायचा. मग अश्विनची गाडी आली. सेकंडहँड असली म्हणून काय झालं, चांगली उंच, जीपसारखी ऐसपैस. गाडी आली त्या दिवशी दयारामांनी समता कॉलोनीतल्या त्याच्या बिल्डिंगखाली, गाडीसमोर हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. अश्विन सारखा वरच्या गॅलऱ्यांकडे बघत होता. पोराला ऑफिसला उशीर होत असेल, असं तेव्हा अंजनाबाईंना वाटलं होतं.

"पहिली मोठी फेरी दीक्षाभूमीची," दयाराम म्हणाले होते. पण फेरी व्हायच्या आधीच ते गेले.

त्यानंतर दरवर्षी एकच पालुपद: टायर बदलले की जाऊ. घिसे हुए टायर पे हायवे पे रिस्क है, मम्मी. दात आले तर चणे नाहीत, गाडी आली तर टायर नाहीत! अंजनाबाईंनी ऐकून घेतलं. हायवेवर टायर फुटणं म्हणजे काय थट्टा आहे? बीरगांवात त्यांच्या पाऱ्यातून, वस्तीतल्या बुद्धविहारापासून, दसऱ्याला नागपूरची बस निघते. नणंद शेवंता यंदाही विचारायला आली होती, "वहिनी, तुह्यासाठी समोरची सीट धरून ठेवू का?"

"माह्या पोट्ट्याची गाडी असताना मी काहून बसमध्ये कोंबून घेऊ व?" अंजनाबाईंनी नाक वर करून सांगितलं होतं. नुसतं शेवंतालाच नाही, विहारात चार बायांसमोरही सांगितलं होतं.

"हव, हव," शेवंता म्हणाली होती. तिच्या त्या दोन 'हव'चा अर्थ न कळायला अंजनाबाई काही कुकुलं बाळ नव्हत्या. मग त्यांनी फोनवर अश्विनच्या मागे असा काही तगादा लावला, की आज तो मुकाट्यानं त्यांना घेऊन शंकर नगरातल्या या दुकानात आला.

दुकान इंद्रजीत नावाच्या माणसाचं होतं. तो अश्विनच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा आणि सोसायटीचा सेक्रेटरी होता. माणूस बोलायला गोड. आल्या आल्या त्यानं अंजनाबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला. आता तो गिऱ्हाइकाला वाटेला लावून त्यांच्याकडे वळला.

"तो कौन सा फाइनल हुआ? माताजी, कहीं लंबा जाना है क्या?"

अंजनाबाई खुलल्या. कोणीतरी विचारलं एकदाचं! त्यांचा हात मांडीवरच्या थैलीत गेला. थैलीत त्यांनी हातानं शिवलेला छोटा निळा झेंडा होता, मधोमध पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं चक्र आणि बाजूला बोनेटवर बसेल अशी काडी. आज टायर बसले की तो लावून बघायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"हव भैया, हम लोग नाग—"

"शिर्डी," अश्विन म्हणाला. "शिर्डी जा रहे हैं. मम्मी की मन्नत थी."

अंजनाबाईंचा हात थैलीतच राहिला. पोराला गावं कळत नाहीत, असं तर नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो टायर बघत होता, जन्मात कधी टायर पाहिला नसल्यासारखा.

इंद्रजीतनं दोन्ही हात कपाळाला लावले. "अरे वाह! तब तो ये सिटी वाला मैं आपको दूँगा ही नहीं, अश्विन जी. इतना लंबा रास्ता, साथ में माताजी. यही लगेगा." आणि त्यानं हात ठेवला तो नेमका अंजनाबाईंच्या खोल खाचांच्या टायरवर.

"ठीक है. यही लगा दो," अश्विन म्हणाला.

घ्या! आईनं सकाळपासून घसा कोरडा केला तेव्हा जमलं नाही, ते एका खोट्या शब्दानं झालं. अंजनाबाईंना हसू यायला हवं होतं, पण कानशिलं तापली होती.

गाडी जॅकवर चढली. जुने टायर एकेक करून निघाले, गुळगुळीत, शाळेच्या पाटीसारखे. म्हणजे टायरबद्दल तरी पोरगं खरं बोलत होतं. चारही नवे बसून गाडी खाली आली, तसा इंद्रजीत आतून तबक घेऊन आला. त्यात कुंकू, नारळ आणि चार लिंबं होती.

"यात्रा की गाड़ी है," तो प्रेमानं म्हणाला. "बिना पूजा के कैसे भेजूँ?"

त्यानं वाकून प्रत्येक चाकापुढे एकेक लिंबू ठेवलं. अंजनाबाई अश्विनकडे बघत राहिल्या. आता बोलेल. नको म्हणायचं तर हजार रीती आहेत, घाई आहे म्हणाला तरी पुरे. लहानपणी याच पोरानं विहारात बावीस प्रतिज्ञा न अडखळता म्हणून दाखवल्या होत्या. बक्षीस मिळालेला स्टीलचा पेला दयाराम शेवटपर्यंत पाणी प्यायला वापरत होते.

अश्विननं बूट काढले, हात जोडले आणि टिळा लावून घ्यायला कपाळ पुढे केलं.

इंद्रजीत नारळाचा तुकडा घेऊन अंजनाबाईंपाशी आला.

"प्रसाद, माताजी."

त्या माणसाचा काय दोष! त्यांनी हात पुढे केला. "अच्छे से होगा दर्शन," तो म्हणाला.

"हव भैया," अंजनाबाई म्हणाल्या. आपल्याच तोंडातून निघालेला तो 'हव' त्यांना कडू लागला.

त्या गाडीत बसल्या. गाडी पुढे सरली, चाकांखाली लिंबं चिरडली आणि आंबट वास काचेतून आत आला. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग अश्विननं रुमालानं टिळा पुसला.

"मम्मी, तू गुस्सा मत हो. वो सेक्रेटरी है. वहाँ किसी को... मतलब, मैंने किसी को बताया नहीं है. नागपूरलेच जाऊ ना आपण. मैंने छुट्टी भी डाल दी है."

"डाल दी?"

"हाँ, पक्का. बस वो..." त्याची नजर थैलीतून डोकावणाऱ्या काडीकडे गेली. "वो झंडा बिल्डिंग से मत लगाना. भंडाऱ्याच्या पुढं लावू. वहाँ अपना कोई पहचान का नहीं मिलता."

म्हणजे जायला मिळत होतं. गुडघे दुमडावे न लागता, गार हवेत, पोराशेजारी बसून. दयारामांची राहिलेली फेरी पुरी होणार होती, फक्त भंडाऱ्यापर्यंत तो झेंडा थैलीत दाबून धरायचा होता. अंजनाबाईंनी काचेबाहेर पाहिलं. क्षणभर त्यांच्या मनात आलंही, की जाऊ दे, कोणाले कळते?

"तुहा बाप जनरलच्या डब्यात उभा राहून जाये," त्या म्हणाल्या. "पण झेंडा रायपूरपासून हातात असे त्याच्या."

"पापा को सोसायटी में नहीं रहना था, मम्मी."

हे मात्र खरं होतं. त्यांनी मुठीतला खोबऱ्याचा तुकडा गिअरशेजारच्या खणात ठेवला.

"मले बीरगांवले सोड."

"अरे, घर पे तेरी बहू ने खाना बना के रखा है."

"बीरगांवले."

अश्विननं गाडी वळवली. नव्या टायरांचा आवाजसुद्धा येत नव्हता. उरल्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा अंजनाबाईंनी पदराच्या टोकानं चष्मा पुसला, फोन काढला आणि शेवंताचा नंबर लावला.

"जय भीम, वहिनी!" फोनमधला शेवंताचा आवाज गाडीभर ऐकू आला.

"जय भीम. बाई, बसमध्ये जागा आहे का व?"

"आता मागचीच राहिली. धक्के बसतीन तुह्या गुडघ्याले. पण काहून? तू तं पोट्ट्याच्या गाडीनं जाऊन राहिली होती ना?"

अश्विनचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. त्यानं रस्त्यावरून नजर हलवली नाही.

"पोट्टा तं तयारच आहे व," अंजनाबाई म्हणाल्या. "त्यानं सुटीबी घेतली. पण काय करतं, टायर पार घासून गेले त्याच्या गाडीचे."