तिसऱ्या टोलानंतर

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे, नाटकातली. देवळातल्या घंटेला येणारा-जाणारा कोणीही बडवतो. माझी दोरी मात्र मंडळींनी नेमलेल्या माणसाखेरीज कोणी ओढत नसे, आणि या गोष्टीचा मला फार गर्व होता. आता तो राहिलेला नाही. का राहिला नाही, तेच सांगायला बसले आहे.

डभोईच्या एका कंसाऱ्याने, म्हणजे तिकडच्या कासाराने, मला ओतले. काशाचा रस साच्यात सोडताना त्याने घरात कोणालाही बोलू दिले नाही. बोलण्याने नादात खोट येते, अशी त्याची समजूत होती. माझ्या नादात खोट आली नाही, हे खरे. पुढे बडोद्याच्या नागरवाड्यातल्या काही मराठी कुटुंबांनी हौशी नाट्यमंडळी काढली आणि मला विकत आणले. कोणाचे वडील सरकारच्या पलटणीत होते, कोणी रेल्वेत कारकून, कोणी शाळामास्तर. दिवसा पोटाची नोकरी आणि संध्याकाळी संगीत नाटक, असा त्यांचा क्रम होता.

माझे काम सोपे होते. पहिली घंटा म्हणजे एक टोल, चहा संपवा. दुसरी घंटा म्हणजे दोन टोल. आत येऊन बसा. तिसरी घंटा म्हणजे तीन संथ टोल. आता कोणी हलायचे नाही, बोलायचे नाही. तिसऱ्या घंटेनंतर खोकला आला तरी माणसे तोंडात रुमाल कोंबत. लहान मुलांना हे कोणी शिकवत नसे. मोठ्यांचे बघून ती आपोआप गप्प होत. नारळ फोडताना नटराजाच्या मूर्तीबरोबर मलाही हळदकुंकू लागे, आणि मला वाटे, नाटक माझ्यामुळेच सुरू होते. घंटेच्या जातीला एवढा तोरा शोभतो की नाही, ते तुम्ही ठरवा.

सुभानराव सव्विसाव्या वर्षी मंडळीत आले आणि माझी दोरी त्यांच्या हाती गेली. आजोबा शिलेदार, नातू मकरपुऱ्याच्या कारखान्यात फिटर. अंगाने उंच, बोलणे जेवढ्यास तेवढे. विंगेत उभे राहिले की त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. पडद्यामागे बोलायचे नाही हा मंडळींचा नियम होता. इतर लोक तो मोडत, सुभानराव कधीही नाही. एकदा पायावर लाकडी खांब पडून अंगठा फुटला, तरी ते अंक संपेपर्यंत ओठ दाबून उभे होते. सगळ्यांनी त्यांचे कौतुक केले. त्यांची आणखी एक सवय होती. तिसरा टोल दिला की ते तळहात माझ्या अंगावर टेकवत आणि माझा नाद थांबवत. पडदा वर जाताना मागे गुणगुण राहू नये म्हणून. तो तळहात मी पुरती चाळीस वर्षे ओळखते.

मग सभागृहात विजेची घंटा आली. नव्याचे नऊ दिवस असतील म्हणून मी वाट पाहिली, पण ते नऊ दिवस काही संपले नाहीत. मंडळीही पांगली. कोणी पुण्याला गेले, कोणी देवाघरी, आणि पोरे घराबाहेर गुजरातीत रमली. सुभानरावांनी मला तरसालीच्या आपल्या फ्लॅटमध्ये नेले आणि पोत्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवले. दसऱ्याला तेवढे चिंचेने घासायचे, आजोबांच्या तलवारीशेजारी मांडायचे आणि फूल वाहायचे. बाकी वर्षभर मी आणि झुरळे.

त्या घरात दोनच माणसे होती, सुभानराव आणि त्यांची मुलगी रसिका. आई लवकर गेली. रसिका शाळेत संगीत शिकवायची. सकाळी पोळ्या लाटताना ती गायची आणि एखादी जागा चुकली की बाहेरून सुभानराव नुसते खाकरायचे. ती हसून पुन्हा घ्यायची. बापलेकीचे एवढेच संभाषण, पण पुरेसे होते.

एके दिवशी जुन्या मंडळींपैकी एकाची मुलगी मृदुला घरी आली. तिने नाट्यशास्त्राचे शिक्षण घेतले होते, बडोद्याच्या मराठीप्रमाणे तिच्या बोलण्यात गुजराती 'ने' येई, आणि डोक्यात नवे खूळ होते.

"सुभानकाका, ह्या नाटकात खुर्च्याच नाहीत. पब्लिक चालत फिरणार आणि आपण त्यांच्या मधूनच गाणार."

"पडदा?"

"पडदा पण नाही ने!"

"मग घंटा कशाला?"

"पडदा नाही म्हणूनच पाहिजे. माणसांना कोणीतरी सांगायला हवं ने, की आता पुढच्या खोलीत चला. आणि गाणार कोण आहे, माहितीये? तुमची रसिका."

सुभानराव उठले, वाकले आणि त्यांनी पलंगाखालून पोते ओढले. मला इतका आनंद झाला की लोलक आपोआप हलला.

स्टेशनच्या मागच्या बाजूला धान्याचे एक जुने दुमजली गोदाम होते. मृदुलाने त्याचे लग्नघर केले. मित्रांनो, हे नाटक कसे उभे करत असत, ते ऐकण्यासारखे आहे. प्रेक्षक आत आला की तो प्रेक्षक राहतच नसे, पाहुणा होई. मनगटाला लाल फीत बांधली तर तो वधूपक्षाचा, पिवळी बांधली तर वरपक्षाचा. एका खोलीत स्वयंपाकघर, तिथे खरेच लाडू वळत असत आणि कोपऱ्यात पेटी. तबला मात्र अंगणात. दोघे वादक एकमेकांना दिसत नसत. कानातल्या बारीक यंत्रातून ऐकून एकमेकांना सांभाळत. गाण्याची पहिली ओळ स्वयंपाकघरात, दुसरी माजघरात, आणि पाहुणे आवाजामागे धावत. रुसलेल्या आत्याबाई चक्क प्रेक्षकांपैकी कोणाला तरी जवळ बसवून गाऱ्हाणे गात. माझा एक टोल पडला की सगळे पुढच्या खोलीत सरकत. शेवटी रसिका वधू होऊन लाकडी माळ्यावर उभी राही आणि सासरी जातानाचे गाणे गाई. माळ्यावर फक्त लाल फितीचे तीस जण, बाकीचे खालून वर बघत. माळा तीस माणसांचा भार सोसेल असे एका जाणकाराने पाहून सांगितले होते.

धोक्याचाही विचार झाला होता, नाही असे नाही. आग लागली, काही मोडले, तर सुभानरावांनी मला न थांबता वाजवत राहायचे. तो आवाज ऐकला की प्रत्येक खोलीतल्या नटांनी लोकांना बाहेर काढायचे.

"पण मृदुला, पब्लिकला हे कळणार कसं?" रसिकाने विचारले.

"पब्लिकला आधीच सांगितलं तर लग्नाचा माहोलच जाईल. आपली माणसं आहेत ने जागोजागी."

"घंटा झाली की माणसं ऐकतात," सुभानराव म्हणाले. "चाळीस वर्षं बघतोय."

विषय तिथेच संपला. धोक्याच्या घंटेची तालीम एकदाच झाली, तीही चहाच्या सुट्टीआधी, हसतखिदळत. सुभानरावांनी मला चारसहा वेळा हलवले आणि सोडून दिले.

अकरा प्रयोग छान झाले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मी पुन्हा फुगले.

बारावा प्रयोग रविवारी संध्याकाळी होता. त्या दिवशी बरीच मराठी कुटुंबे आली होती, जुन्या मंडळींच्या लेकीसुना, नातवंडे. शेवटच्या प्रवेशाआधी रिवाजाप्रमाणे सर्वांच्या हातात अक्षता दिल्या. आणि इथेच गडबड झाली. दुसरे कोणी असते तर खाली थांबलेही असते. पण हातात अक्षता घेतलेला मराठी माणूस वधूवरांपासून लांब कसा उभा राहील? पिवळ्या फितीचे लोकही जिन्याकडे निघाले. जिन्याशी कुणाल होता. बँकेत नोकरी करणारा, हौसेने नाटकात आलेला, गमत्या माणूस.

"ओ काका, थांबा ने! वर फक्त लाल रिबनवाले."

"अरे भाई, आम्ही वराकडचे! आमच्याशिवाय लग्न लावता काय?"

सगळे हसले. कुणालही हसला. लोक नाटकात किती रंगले आहेत, असे त्याला वाटले आणि तो बाजूला झाला. अति तेथे माती म्हणतात, ते त्या वेळी कोणाला आठवले नाही. माळ्यावर साठाच्या वर माणसे झाली.

सुभानराव जिन्याच्या पायथ्याशी, माझ्या दोरीजवळ उभे होते. त्यांच्या बाहीवर भुसा पडला. त्यांनी तो झटकला, तेवढ्यात पुन्हा पडला. मग वर तुळई कर्र्‌ वाजली. ते फिटर होते, लाकूड आणि लोखंड काय बोलते ते त्यांना कळत होते. त्यांनी मान वर केली. फळ्यांच्या फटीतून रसिकाच्या शालूचा काठ दिसत होता.

त्यांनी दोरी धरली. मित्रांनो, त्या क्षणी त्यांना काय करायचे होते ते मला पक्के ठाऊक आहे, कारण दोरी त्यांनी कधी आवळली नव्हती एवढी आवळली होती. त्यांना मला सैरभैर वाजवायचे होते. पण जित्याची खोड म्हणतात ती अशी. त्या हाताने हजारो वेळा एकच काम केले होते. भीतीने डोके बधिर झाले आणि हात आपल्या वळणाने गेला. एक टोल. दुसरा. तिसरा. संथ, सारख्या अंतराने. आणि मग, काय सांगू, घामाने भिजलेला तळहात माझ्या अंगावर टेकला आणि माझा नाद थांबला.

वर गलका चालला होता तो एकदम शांत झाला. साठ माणसे जागच्या जागी उभी राहिली. कोणी मोबाइल बंद केला. कोणी मागच्याला "श्श" केले. रसिकाला धोक्याची खूण ठाऊक होती. ही ती खूण नव्हती. गर्दी फार बोलते आहे म्हणून बाबांनी तिसरी घंटा देऊन तिला शांतता करून दिली, असेच तिला वाटले असणार. तिने खाली जिन्याकडे पाहून मान लववली आणि षड्ज लावला.

तळहात माझ्यावरून उचलला गेला. सुभानरावांना चूक कळली होती. त्यांचे तोंड उघडलेले मी पाहिले. 'रसिका, खाली ये' एवढेच म्हणायचे होते. पण नाटक चालू होते, गाणे सुरू झाले होते, आणि चाळीस वर्षांत त्या गळ्याने अशा वेळी आवाज काढला नव्हता. त्यांनी पुन्हा दोरीकडे हात नेला. तोवर माळा खाली आला.

पुढचे मी फार सांगत नाही. सतरा माणसे जखमी झाली. रसिका तुळईखाली सापडली. तिसऱ्या दिवशी इस्पितळात ती गेली.

चौकशी झाली. माळ्यावर दुप्पट माणसे चढल्याचे लिहिले गेले. कुणालने नोकरीवरून रजा घेतली आणि घरात कोंडून घेतले. मृदुलाच्या दारावर लोकांनी वाटेल ते बोलून घेतले. घंटेबद्दल कोणी विचारलेच नाही, कारण सगळे जखमी एकच सांगत होते: घंटा वेळेवर झाली. निरुपमा नावाच्या एका बाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. सुभानराव त्यांना भेटायला गेले आणि घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून त्यांचेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्या बाई म्हणाल्या होत्या, "माझी नात सांगत होती, आजी, खाली काहीतरी वाजतंय, चल ने. मीच तिला म्हटलं, गप्प बस, तिसरी घंटा झाली." नात वाचली होती. पण ती आता कोणाशी बोलत नव्हती.

महिन्याने जुन्या मंडळींनी रसिकाची शोकसभा ठेवली. कोणाच्या तरी मनात आले की सुभानरावांनी तिसरी घंटा द्यावी आणि मग दोन मिनिटे सर्वांनी स्तब्ध उभे राहावे. मला घासूनपुसून रंगमंचावर टांगले. सुभानराव आयुष्यात पहिल्यांदा विंगेतून पुढे आले. दोरीला त्यांनी हात लावला नाही.

"घंटा मी चुकीची दिली," ते म्हणाले. आवाज चिरका होता, मागच्यांना ऐकू जात नव्हता. "मृदुलाला बोलू नका. माळा पडणार हे मला आधी कळलं होतं. मी तिला हाक मारली नाही."

मृदुला उठून उभी राहिली. "पब्लिकला सांगायचं नाही हे मीच ठरवलं होतं, काका," एवढे बोलून ती तिथेच खाली बसली आणि रडली.

आता मी पुन्हा तरसालीला आहे, पण पलंगाखाली नाही. सुभानरावांनी माझा लोलक काढून टाकला आणि मला गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे ठेवले. यंदा दसऱ्याला तलवार मांडली, मला नाही. अंगावर हिरवे चढते आहे, ते चढू द्या. माझी काही तक्रार नाही. गच्चीच्या कठड्यावर शेजारची पोरे चढली की सुभानराव खालच्या अंगणातून एवढ्या मोठ्याने ओरडतात की सारी सोसायटी बाहेर येते. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचे डोके फिरले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंच्या गोष्टी शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणत नाही. मला उद्या भंगारात घाला. पण तुम्ही शाळेत नाटक कराल, गाल, माणसांना आपल्या खेळात फिरवाल, तेव्हा खेळ सुरू होण्याआधी त्यांना दार कुठे आहे ते तोंडाने सांगा. रंगाचा बेरंग झाला तर होऊ द्या. आणि वर काही कुरकुरले तर माझ्यासारख्या घंटेच्या दोरीकडे धावू नका. जो माणूस तुम्हाला हवा आहे, त्याचे नाव घेऊन ओरडा. रसिका बापाच्या नुसत्या खाकरण्यावर गाणे थांबवत असे. त्याची एक हाक आली असती, तर ती खाली आली असती.