करंट पिणाऱ्या आसरा

अख्खी वाडी काठावर गोळा झालेली, आणि धरणाच्या मधोमध होडी बंद! आत शाळेची पोरं. इगतपुरीकडचं धरण ते, वारं सुटलं की पाणी नुसतं अंगावर येतं. सुकाणूवर रोहिणी. बटण दाबतेय, दाबतेय, मोटर ढिम्म! सोलरची होडी, छतावर पॅनल, फळीखाली बॅटरी. दुसरं काही नाहीच.

"हात काढ!" मल्हारी भगत ओरडला. होडी सारखी बंद पडायला लागल्यापासून तो रक्षणाला रोज होडीत असायचा. "कुणी बटणाला शिवायचं नाय! खाली पाण्यातल्या साती आसरा करंट पितायत करंट! डोळे मिटा."

मग सुरू झाली की बडबड! लिंबू फिरव, हळद उधळ, मध्येच "प्लस मायनस फट् स्वाहा!" इतका वेळ, की एक पोरगी मुसमुसायला लागली. मग म्हणाला, "आता दाब."

घुर्रर्र! काठावर एकच आरोळी. वाडीतल्या साळूबाईनं तर चिखलातच डोकं टेकलं. होडी काठाला लागताच नवा हिरवा खण आणून पॅनलवरच्या दांडीला बांधला. होडी बंद पडली की आसरांना एक खण, अशी रीतच पडलेली.

"खण पुरायचा नाय आता," भगत म्हणाला. "बाईमाणसाच्या हातात सुकाणू, आसरांना खपत नाय. सोमवारपासून माझा पुतण्या वाळू होडी हाकंल."

या सुकाणूसाठी रोहिणी घरच्यांशी किती भांडलेली! पण त्याहून वाईट म्हणजे तिला ते खरंच वाटायला लागलेलं. माझ्यापायी पोरं बुडाली तर?

विज्ञानाच्या आफिया मॅडम याच होडीनं शाळेत यायच्या. त्या हळूच म्हणाल्या, "उद्या रविवार. होडी काठाला बांधू आणि सगळ्यांसमोर तपासू."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बॅटरीला मीटर जोडलं. आत किती करंट येतो, बाहेर किती जातो, दोन्ही दाखवणारं. बांधलेल्या होडीची मोटर चालूच ठेवली. शेवटी पडली बंद! भगत लिंबू घेऊन पुढं सरसावला.

"काका, आज तुम्ही बसा. पोरांनो, एकोणतीसचा पाढा!"

"मॅडम, एकोणतीसचा?"

रडतखडत पाढा झाला. चुकला, परत झाला, परत चुकला. "रोहिणी, दाब आता."

घुर्रर्र!

मागून कुणीतरी, "आसरांना पाढे बी येत्यात व्हय!" आणि हशा!

"दमलेली बॅटरी थोडी थांबली की पुन्हा जरा दम धरते," मॅडम म्हणाल्या. "मंत्र म्हणा नाहीतर पाढे."

"आरं, ह्यो भगत आधी जीप चालवायचा की! बॅटरीचं त्याला ठावं असणारच!" गर्दीतून कुणी ओरडलं.

भगत चवताळला. "मग रोज दमतीच का, ते सांगा!"

मॅडमनी मीटर रोहिणीपुढं धरलं. डोक्यावर रणरणतं ऊन, आणि आत येणारा करंट जवळजवळ नाहीच! रोहिणीनं वर पाहिलं. खणच खण, आणि पॅनलभर त्यांची सावली. थोड्या सावलीनंही पॅनल मरगळतं. होडी थांबली की खण, खण वाढला की सावली, सावली वाढली की होडी पुन्हा बंद!

"सोड ते. तुझी होडी आहे," मॅडम म्हणाल्या.

"नको गं पोरी!" साळूबाई किंचाळली. "लेकरं हायत आपली!"

रोहिणीचे हात लटलट कापत होते. कळलं होतं सगळं, पण भीती कुठं जातेय? तिनं डोळे मिटून पहिली गाठ सोडली. मग दुसरी. पाणी जागच्या जागी. शेवटचा खण निघाला आणि मीटरवरचा आकडा असा उसळला, की पोरांनी उड्याच मारल्या!

तिनं खण घडी करून साळूबाईच्या हातात दिले. "आत्या, आसरा रागावल्या तर माझ्यावर रागावू देत. पण उपाशी बॅटरीवर पोरांना मी पाण्यात नेणार नाय."

भगतानं पुतण्याकडं पाहिलं. वाळू म्हणाला, "काका, मला तर पोहता बी येत नाय!"

सोमवारी सुकाणूवर रोहिणीच होती.

म्हणून सांगतो गड्यांनो, भीती वाटली तर वाटू द्या, तिलाही वाटतच होती. पण भगताला बोलावण्याआधी एकदा वर मान करून बघा, मोजा, विचारा. कापऱ्या हातांनीसुद्धा गाठ सुटते.