मिनूसरांच्या सहीचा फुटबॉल

मी फुटबॉल बोलतोय. दचकू नका, मध्ये काच आहे. मी तुमच्या खिडकीवर येऊन आदळणार नाही. आता तेवढंही माझ्या नशिबात नाही.

जन्म जालंधरचा. बत्तीस तुकडे हाताने शिवून मला गोल केलं आणि मुलुंडच्या नीलमताईंनी आपल्या मुलींच्या संघासाठी विकत आणलं. चिखल, खडी, शेजारच्या इमारतीची गच्ची, सगळं बघून झालं. पोरी लाथा घालायच्या आणि वर ओरडायच्या, "ए दर्शना, पास दे ना गं!" लाथांचा मला कधीच राग आला नाही. जिची लाथ चुकायची, तिचाच यायचा.

दहा वर्षांपूर्वी कुठल्याशा कार्यक्रमासाठी जपानचे एक खेळाडू मैदानावर आले, हारुओ मिनेगिशी. नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पोरींनी त्यांचं 'मिनूसर' केलं. बूट काढून ते अर्धा तास अनवाणी खेळले आणि जाताना माझ्यावर सही करून गेले. दुसऱ्याच दिवशी पोरी मला घेऊन मैदानात उतरल्या. हळूहळू सही निम्मी पुसली. कुणाला पर्वा होती?

पुढे मिनूसर निवृत्त झाले आणि घरी बसून जुने बूट शिवतानाचे व्हिडिओ टाकू लागले. ना बोलणं, ना संगीत, नुसती सुई आणि दोरा. जगाला काय आवडेल याचा नेम नाही! लाखो लोक ते बघू लागले. मग आमच्या क्रीडा मंडळाच्या सेक्रेटरीने, हर्षदने, माझ्यावरच्या सहीचा फोटो टाकला आणि मीही प्रसिद्ध झालो. त्या कौतुकात कुणीतरी मुलींच्या गोलपोस्टला नवी जाळी दिली, आणि मला ही काचेची पेटी. लोक येतात, माझ्याकडे पाठ करतात आणि सेल्फी काढतात.

परवा मिनूसर मंडळाशी व्हिडिओवर बोलले. हर्षदने फोन माझ्यासमोर धरला. "सर, एकदम सेफ आहे! आठ महिने कुणी हात पण लावला नाही."

त्यांचं हसू जरा थांबलं. त्यांनी काहीतरी विचारलं. दुभाषी मुलगी म्हणाली, "ते विचारतायत, त्यात हवा आहे का?"

सगळे हसले. नीलमताई हसल्या नाहीत. लोक गेल्यावर त्यांनी किल्ली मागून घेतली, मला बाहेर काढलं आणि अंगठ्याने दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला. "वाट लागली रे तुझी," त्या पुटपुटल्या. पंपाची पिन थुंकीने ओली करून त्यांनी हवा भरली आणि मला जमिनीवर टाकलं. मी उसळलो, आठ महिन्यांनी! लाथ घालायला त्यांचा पाय मागेही गेला होता.

"ताई, सही पुसेल ना!" हर्षद धावत आला.

पाय तसाच खाली आला. जाळी या सहीनेच आणली होती. त्यांनी मला उचलून पुन्हा पेटीत ठेवलं.

काल हर्षद पेटीजवळ उभा राहून मिनूसरांचा नवा व्हिडिओ बघत होता. या वेळी बूट नव्हते. अंगणात ते एकटेच, समोर एक जुना चेंडू. त्यांनी पास दिला. चेंडू कुंपणापर्यंत गेला आणि थांबला. परत मारायला कुणीच नव्हतं. ते चालत जाऊन घेऊन आले. पुन्हा मारला, पुन्हा चालत गेले.

"वीस लाख लोकांनी बघितलं, यार!" हर्षद म्हणाला.

मला फार एकटं वाटलं. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, ते कळलं नाही.

आता माझ्यात हवा गच्च आहे, म्हणून ही पेटी जास्तच जाचते. बाहेरून पोरींचा आवाज येतो, "पास दे ना गं!" नीलमताई, ऐकताय ना? सही पुसली तर पुसू दे. मला एक लाथ घाला.